पुराचं वाक्य

क्लेम ट्रेगिअरचं घर आणि माझं घर यांच्यात एकच पत्र्याची भिंत होती. मुंडाऱ्याच्या खाणवाल्यांनी कामगारांची घरं जोडीजोडीने बांधली आणि मधल्या भिंतीपाशी हात आखडता घेतला. त्यामुळे ट्रेगिअरांकडे चमचा पडला तरी मला ऐकू यायचा, आणि मी कोणाला शिव्या घालते आहे ते त्यांना. नवरा गेल्यापासून शिव्या घालायला घरात कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी बकरीला घालत असे. पलीकडून क्लेम म्हणायचा, "विनी, तिचं काय चुकलं ते तरी सांग तिला. बिचारी विचार करत बसेल."

त्याची गोष्ट मी सांगते आहे, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. खाणीच्या फाटकापाशी जो दगड उभा केलाय त्याच्यावर छत कोसळून मेलेल्यांची नावं आहेत. जे घरी खाटेवर हळूहळू मेले त्यांच्यासाठी दगड नाही. ते म्हणे आपल्या मरणाने मेले.

क्लेम उंच होता, हाडकुळा, कान मोठे. बाप खाणीत, आजा खाणीत, दोघंही इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून ऑस्ट्रेलियात आलेले. शाळा त्याची लवकर सुटली. पण त्यांच्या चॅपलच्या म्हाताऱ्या पाद्र्याला दिसेनासं झालं होतं, आणि तो दर रविवारी या पोराला उभं करून शास्त्रवचनं वाचून घ्यायचा. तिथे क्लेम वाचायला शिकला, म्हणजे मोठ्याने वाचायला. मनातल्या मनात वाचणं त्याला कधी जमलंच नाही. दुकानातल्या पाटीपुढे उभा राहिला तरी ओठ हलायचे. पाद्र्याने त्याला सांगितलं होतं की वाचायचं ते शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीसाठी. तो जन्मभर त्या म्हातारीसाठीच वाचत राहिला.

खाली खाणीत तो दगडाला भोकं पाडायचा. ड्रिल कोरडं चालायचं, त्यातून पिठासारखी धूळ उडायची, आणि वर येताना माणसं गिरणीतून आल्यासारखी दिसायची. घरी आला की परसात टबमध्ये अंग धुवायचा, संध्याकाळचं जेवण व्हायचं, बहुतेक वेळा मटणाचा रस्सा आणि ब्रेड, आणि मग तो चर्चचा पांढरा शर्ट घालायचा. वाचायला. रोज. त्याची बायको ड्युल्सी हॉटेलचे कपडे धुवायची. तिच्या धुण्यात हा आणखी एक शर्ट, आणि तोही पांढरा, आणि तोही आमच्या त्या लाल मातीच्या गावात. ती कुरकुर करायची. क्लेमचं उत्तर ठरलेलं होतं, की खाणीतल्या कपड्यात वाचलं तर शब्दांना धूळ लागते.

आमच्या गल्लीतले बाकीचे पुरुष त्या वेळी दारूच्या गुत्त्यात असायचे किंवा कबुतरं उडवत बसायचे. बर्ट म्हणून एक होता, क्लेमच्याच टोळीतला. तो जाता जाता खिडकीतून डोकवायचा. "काय रे क्लेम, आज राणीसाहेब यायच्यात का चहाला?" क्लेम म्हणायचा, "त्या आल्या होत्या, तुझा वास आला म्हणून परत गेल्या." आणि खिडकीखाली बर्टची दोन पोरं हळूच येऊन बसलेली असायची, ते बर्टला माहीत होतं.

पुस्तक एकच नव्हतं, पण खरं पुस्तक एकच होतं. खाणकामगारांच्या वाचनालयाने जुनी फाटकी पुस्तकं काढून टाकली त्यात क्लेमला ते मिळालं. लहान मुलांचं होतं. कव्हर गेलेलं, पहिली पानं गेलेली, त्यामुळे ते कोणी लिहिलं हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. गोष्ट एका म्हाताऱ्या पेलिकनची. चोचीखालच्या पिशवीवरून त्याचं नाव कॅप्टन पाऊच. हा पक्षी एका कोरड्या नदीत येऊन बसतो आणि सगळ्या जनावरांना सांगतो की पाणी येणार आहे. जनावरं त्याला हसतात. तो वाट बघतो. गावातल्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नव्हती. आमचीही नदी म्हणजे वाळूचा पट्टा होता, दोन्ही बाजूंना निलगिरीच्या जातीची गमची झाडं, आणि पाणी बघितलेलं पोर शोधून सापडलं नसतं.

गोष्टीच्या शेवटाकडे पूर येतो. ज्याने लिहिलं त्याने तो पूर एकाच वाक्यात लिहिला होता, मध्ये कुठे पूर्णविराम नाही. मला ते अजून पाठ आहे. "आणि मग पाणी आलं, आधी बोटभर, मग वीतभर, मुंग्यांच्या वारुळांवरून, सशांच्या बिळांतून, वाळलेल्या हाडांना उलटंपालटं करत, झोपलेल्या कासवांना जागं करत, पडक्या कुंपणाखालून आणि उभ्या कुंपणावरून, ज्याने कधी बोलावलं नाही त्याच्या दारात, आणि ज्याने बोलावून बोलावून घसा कोरडा केला त्याच्याही दारात, पाणी, लाल पाणी, गढूळ पाणी, गात येणारं पाणी, आणि त्या पाण्यावर सगळ्यांच्या पुढे, मान ताठ, पोट पुढे, कॅप्टन पाऊच."

क्लेम हे एका दमात वाचायचा. वाक्य जवळ आलं की घरात आवाज बंद. त्याची मोठी मुलगी मर्ल स्वतःही श्वास रोखून बसायची, तो संपवेपर्यंत. खिडकीखालची पोरंही रोखायची. आणि 'कॅप्टन पाऊच' आलं की सगळ्यांचा श्वास एकदम सुटायचा आणि हसू फुटायचं. इकडे मी भांडी घासायची थांबायचे. खोटं कशाला बोलू, मीही रोखायचे. माझा नवरा जॉर्ज तेव्हा होता. तो म्हणायचा, "याच्या छातीत भाता आहे लोहाराचा."

जॉर्जच्या छातीत काय आहे ते थोड्याच दिवसांत कळलं. आमच्याकडे त्याला धूळ लागणं म्हणतात. आधी जिन्यावर धाप लागते, मग चालताना, मग बसल्या जागी. तो खोकायचा कमी, श्वास चोरायचा जास्त. बोलता बोलता मध्येच पाइप पेटवायचा, नाक पुसायचा, बुटाची नाडी बांधायला वाकायचा. ते सगळं श्वासासाठी असायचं आणि मला दिसू नये म्हणून असायचं. तो गेला. ज्या बाईने एक नवरा धुळीने जाताना पाहिला, तिला मग शेजारचा पुरुष जिन्यावर का थांबला ते विचारावं लागत नाही.

म्हणून पहिली टक् मी ओळखली.

एका संध्याकाळी पूर आला, हाडं उलटीपालटी झाली, कासवं जागी झाली, आणि क्लेम थांबला. पण शांतता पडली नाही. टाळूला जीभ लावून त्याने एक आवाज काढला. टक्. लाकडावर लाकूड आपटावं तसा. "ही कोणाची टक्?" त्याने पोरांना विचारलं, आणि स्वतःच सांगितलं की पुरावर येता येता कॅप्टन पाऊच चोच वाजवतोय, आज नीट ऐकू आली. मग तो पुढे निघाला आणि वाक्य संपवलं. पलीकडे त्याचा धाकटा मुलगा वॉली खिदळायला लागला. पुन्हा टक् करा, बाबा, पुन्हा. मी हातातली थाळी खाली ठेवली. त्या टक् च्या आधी भिंतीतून मी आणखी एक आवाज ऐकला होता, आत ओढलेल्या हवेचा.

त्यानंतर टक् कायमची झाली. हिवाळ्यापर्यंत ती कुंपणापाशीही यायला लागली. मग 'घसा कोरडा केला' च्या आधी एक. पोरांना वाटायचं, पक्षी जवळ जवळ येतोय. त्यांना ते इतकं आवडलं की खिडकीखालची पोरं टक् च्या जागी स्वतः टक् करायला लागली, सगळी मिळून. गल्लीत खेळतानाही टक् टक् चालायचं. बायका ऐकायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या नाहीत. आमच्या गल्लीत असं घर नव्हतं जिथे हे माहीत नव्हतं. पण पोरांना कोणी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी आम्ही सगळ्यांनी मिळून ती झाकून ठेवली.

मग मर्लने शाळेत मार खाल्ला. तपासणीसाठी साहेब येणार म्हणून तिच्या बाईंनी, मिस पर्डींनी, प्रत्येकाला आपल्या आवडीचा उतारा वाचायला लावला होता. मर्ल घरचं पुस्तक घेऊन गेली आणि तिने पूर वाचला. बापासारखाच वाचला, खणखणीत, आणि जागच्या जागी टक् केलं. मिस पर्डी मागून येऊन पुस्तकात बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे टक् कुठे लिहिलंय? मर्लने दोन शब्दांमधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, इथे. मिस पर्डींना वाटलं पोरगी थट्टा करते. जे लिहिलेलं नाही ते वाचणं म्हणजे खोटं बोलणं, असं सांगून त्यांनी हातावर पट्टी मारली. मर्ल रडत घरी आली ती मारामुळे नव्हे. तिचं म्हणणं होतं की मिस पर्डींना वाचता येत नाही.

क्लेम खूप हसला. छापणाऱ्याकडचे टक् चे खिळे संपले असतील, असं काहीतरी त्याने मुलीला सांगितलं. हसता हसता तो परसात आला आणि कुंपणाला दोन्ही हात धरून उभा राहिला. मी बकरीला बांधत होते. त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत मी थांबले आणि मग जे इतके दिवस पोटात होतं ते बोलले.

"क्लेम, अजून किती टक् घालणार आहेस त्या वाक्यात?"

तो म्हणाला, "पोरांना पक्षी ऐकू येतोय ना विनी? तोवर पक्षीच आहे तो."

"आणि ड्युल्सीला?"

"ती माझ्या शेजारी झोपते. तिला काय सांगायचं."

मी त्याला म्हटलं, बोर्डापुढे जा. धुळीचं बोर्ड वर्षातून एकदा गावच्या टाऊन हॉलात बसायचं. तीन डॉक्टर यायचे. ज्याला धूळ लागली असं ते ठरवायचे त्याला खाणीतून काढत आणि त्याच्या कुटुंबाला जन्मभर पेन्शन बसे. ज्याला लागली नाही असं ठरवायचे तो दुसऱ्या दिवशी परत खाली. मंदीची वर्षं होती ती. स्वतःहून काम सोडणाऱ्याला दुसरं काम नव्हतं, आणि घर खाणीचं, तेही जायचं. म्हणजे क्लेमला जगायचं असेल तर एकच वाट होती, आणि ती त्या तिघांच्या टेबलावरून जात होती. जॉर्जने जायला उशीर केला होता. तेही मी त्याला सांगितलं.

तो गेला. पहिल्या दिवशी फोटो काढले, छातीतून आरपार दिसणारे. त्यात धुकं दिसलं पण तिघांचं एकमत होईना. म्हणून त्याला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, नीट तपासायला.

त्या रात्री गल्लीतला जो तो शहाणा झाला. बर्टने सांगितलं की आत जाण्याआधी मातीच्या ढिगावर पळत चढून ये, त्याच्या मेहुण्याने तसंच केलं होतं आणि त्याला लगेच पेन्शन बसली होती. मेहुणा खरोखरच आजारी होता, हे बर्ट विसरला. ड्युल्सीने फक्त एवढंच म्हटलं, "उद्याच्या दिवस चारचौघांसारखा खोक. आणि तो शर्ट घालू नकोस."

"का?"

"त्यात तू बरा दिसतोस."

सकाळी त्याने तोच शर्ट घातला. डॉक्टरांपुढे मळकं जायचं त्याच्या जिवावर आलं. ड्युल्सीला हॉटेलची धुणी सोडता येत नव्हती, आणि टाऊन हॉल चढावर, म्हणून मर्लला त्याच्याबरोबर पाठवलं. चढावर तिच्या खांद्यावर हात ठेवायला. मर्लने काखेत पुस्तक घेतलं होतं.

मी टाऊन हॉलची फरशी पुसायचे, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाकांवर माणसं ओळीने बसलेली. कोणी हात चोळतंय, कोणी खोकतंय, कोणी शेजाऱ्यापेक्षा जास्त खोकायला बघतंय. मर्ल घाबरली. इतके म्हातारे दिसणारे बाप तिने एका ठिकाणी पाहिले नव्हते. ती बापाला चिकटून बसली आणि हळूच म्हणाली, बाबा, वाचा ना. त्याने नाही म्हटलं. तिने पुन्हा म्हटलं आणि पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्याने पुस्तक उघडलं. आधी हळू वाचत होता. मग बाकावरचे लोक ऐकायला लागले. दोघातिघांनी खोकणं थांबवलं. आता क्लेमपुढे शेवटच्या बाकावरची ती बहिरी म्हातारी आली असावी, कारण त्याचा आवाज मोठा झाला. मी बादली मुद्दाम आपटली. तो ऐकेना. मी जवळून जाताना म्हटलं, क्लेम, पुरे. तो ऐकेना. पूर आला. पाणी बोटभर, वीतभर, वारुळं, बिळं, हाडं, कासवं. टक्. कुंपणं. टक्. बाकावरची माणसं हसायला लागली. मर्लही हसली. तो इतका रंगला होता की टक् कुठली आणि वाक्य कुठलं हे मलाही क्षणभर कळेना, आणि मी तर ते रोज भिंतीतून ऐकत होते. तेव्हा माझं लक्ष आतल्या दाराकडे गेलं. तिघांतला तरुण डॉक्टर, सिडनीचा, चौकटीला टेकून ऐकत उभा होता. त्याच्या तोंडावर हसू होतं. 'कॅप्टन पाऊच' आलं तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या.

"सुंदर," तो म्हणाला. "तो पक्षी तर हुबेहूब."

मी फडकं टाकलं आणि त्याच्यापाशी गेले. मी म्हटलं, डॉक्टर, तो पक्षी नाही, तो त्याचा श्वास आहे, प्रत्येक टक् पाशी तो श्वास घेतो. त्याने माझं ऐकून घेतलं. चांगला पोरगा होता तो, उर्मट असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला की शेजारधर्म मी समजतो, बाई, पण आता आम्हाला आमचं काम करू द्या.

क्लेमला आत बोलावलं आणि थोड्या वेळाने बाहेर पाठवलं. दुपारी कारकुनाने दारात उभं राहून नावं वाचली. ट्रेगिअर, कामास योग्य. पुढच्या वर्षी पुन्हा यावं. मी कारकुनाला गाठलं. तो म्हणाला, तरुण डॉक्टरांनीच बाकीच्या दोघांना सांगितलं की जो माणूस इतका वेळ इतकं रंगून वाचू शकतो त्याच्या छातीला काही झालेलं नाही.

ड्युल्सी कधी आवाज चढवायची नाही. त्या संध्याकाळी चढवला. भिंत असून नसल्यासारखी झाली. तिने आधी क्लेमला विचारलं की तुला मरायची हौस आहे का. मग मर्लने मध्ये तोंड घातलं. बिचारीला वाटलं चांगली बातमी आहे, बाबा योग्य ठरले. ती म्हणाली, डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना टक् किती आवडली. आणि ड्युल्सी म्हणाली, "टक् म्हणजे पक्षी नाही, गाढवे. तो तुझ्या बापाचा दम आहे. दम संपतो तेव्हा तो टक् करतो. तुम्ही घाबरू नये म्हणून करतो."

मग मर्लचा आवाज आला, अगदी साधा. "मीच सांगितलं वाचायला."

"तुला काय माहीत होतं," क्लेम म्हणाला. "वाचलं मी."

ड्युल्सीचा मला राग आला नाही. पोरीला ते तिने सांगायला नको होतं, पण कोणीतरी कधीतरी सांगणारच होतं, आणि आपल्या माणसाला मरताना बघत असलेली बाई शब्द तोलून वापरत नाही. राग मला आला तो त्या सबंध व्यवस्थेचा, जिथे माणसाला जगण्यासाठी मरायचं सोंग आणावं लागतं, आणि ज्याला सोंग येत नाही तो मरतो. तो राग मला अजून आहे.

क्लेम दुसऱ्या दिवशी खाली गेला. बर्ट त्याच्या वाटणीचं ड्रिल धरायचा आणि मुकादम दुसरीकडे बघायचा, तेवढी माणुसकी होती. पण धूळ तीच. पुढचं बोर्ड यायच्या कितीतरी आधी एका सकाळी त्याला खाणीतून वर येणाऱ्या पिंजऱ्यातून उचलून बाहेर आणलं आणि मग तो परत गेला नाही. त्याची खाट मधल्या भिंतीला लावली, कारण ती बाजू दुपारी कमी तापायची. माझ्या बाजूला तिथे माझी खुर्ची होती. त्याचा श्वास मला माझ्या श्वासापेक्षा जास्त ऐकू यायचा.

आता मर्ल वाचायची. तिने शर्ट कधी बाजूला पडू दिला नाही. संध्याकाळ झाली की ती आणि ड्युल्सी मिळून क्लेमला तो पांढरा शर्ट घालायच्या. पण वाचताना ती टक् करत नव्हती. पूर आला की ती पुस्तकात आहे तसा वाचायची, सरळ, एका दमात, घाईघाईने, जणू तिथून लवकर निघायचं आहे. वॉली लहान होता, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो रडायला लागला. टक् राहिली, म्हणाला. कॅप्टन पाऊच आलाच नाही.

आणि तेव्हा माझ्या कानाशी पत्र्यावर आवाज झाला. टक्. क्लेमच्या बोटाचं पेर होतं ते. त्याला बोलता येत नव्हतं, पण हात भिंतीला लागत होता. वॉली गप्प झाला. मर्लने वाक्य पुन्हा सुरुवातीपासून घेतलं, हळू, आणि प्रत्येक जागी ती थांबली, आणि प्रत्येक जागी त्याने पत्र्यावर टकटकवलं.

मग तसंच चालू झालं. मुलगी वाचायची, बाप टक् द्यायचा. मी खुर्चीत बसून ऐकायचे. आवाज दिवसेंदिवस हलका होत गेला, पण जागा कधी चुकली नाही.

शेवटच्या संध्याकाळी बाहेर धुळीचं वादळ होतं, सगळा गाव तांबडा झालेला, ड्युल्सी खिडक्यांना ओली फडकी लावत होती. मर्ल वाचत होती. पाणी आलं, आधी बोटभर, मग वीतभर, वारुळांवरून, बिळांतून, हाडांना उलटंपालटं करत, झोपलेल्या कासवांना जागं करत. ती थांबली.

काही वाजलं नाही.

ती थांबून राहिली. मी भिंतीला कान लावला. रोज ऐकू येणारा श्वास ऐकू येत नव्हता. वॉली म्हणाला, "बाबा, टक्." मग जरा मोठ्याने, "बाबा." मर्ल बोलेना, ड्युल्सीचा पाय वाजेना. पोराचा आवाज फुटायला लागला होता.

मी हात उचलला आणि माझ्या बाजूने पत्र्यावर टकटकवलं.

मर्ल पुढे निघाली. "पडक्या कुंपणाखालून आणि उभ्या कुंपणावरून." थांबली. मी टक् दिली. "ज्याने कधी बोलावलं नाही त्याच्या दारात." मी टक् दिली. "आणि ज्याने बोलावून बोलावून घसा कोरडा केला त्याच्याही दारात," असं तिने म्हटलं, आणि तिथे ती जरा अडखळली, म्हणून मी पुन्हा दिली. लाल पाणी, गढूळ पाणी, गात येणारं पाणी. तिने सगळं वाचलं. मान ताठ, पोट पुढे, कॅप्टन पाऊच. वॉली हसला. मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला आणि ड्युल्सी रडायला लागली.

बऱ्याच वेळाने मागच्या दाराला चाहूल लागली. मर्ल उभी होती, केसांत सगळी लाल धूळ. मी तिला आत घेतलं, खुर्चीत बसवलं, चहा दिला. ती कप धरून बसली होती.

"विनी आंटी," ती म्हणाली, "शेवटची टक् तुम्ही जास्तीची दिलीत."

मी म्हटलं, हो गं, चुकलं असेल.

"'घसा कोरडा केला' च्या आधीचीच शेवटची असते. नंतर नाही," ती म्हणाली. "नंतर बाबांना दम लागत नव्हता."